‘कामून?’ : आपली बोली, आपली शाळा आणि आपला विचार

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्ही गिरणीतले अनुभव लिहून द्या, असे मंडळाच्या पोरांनी आम्हाला सांगितले. आम्ही काही लेखक नाही. सूतगिरणीत पाळी करणारा साधा कामगार. शाळा दहावीपर्यंत, तीही धड पार पडली नाही. पुढचे जे काही वाचन झाले ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत. पण गिरणीच्या गोष्टी पुन्हा कधीतरी सांगू. या वेळी आम्हाला एका वेगळ्या विषयावर आपल्या वस्तीतल्या माय-बापांशी बोलायचे आहे. माणूस विचार करतो म्हणजे काय करतो, लेकराला भाषा येते कशी, आणि आपल्या बीड जिल्ह्यात आपल्या माणसांच्या विचाराला कुणाकुणाच्या भाषेची कवाडे लागली, हा तो विषय. विद्वानांचा वाटतो खरा, पण तो आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे.

एक शब्द आणि दोन वर्षे

आम्ही तिसरीत होतो. गुरुजींनी वर्गात सांगितले की चांदण्या दिवसासुद्धा आभाळात असतातच, फक्त आपल्याला दिसत नाहीत. आम्हाला मोठे नवल वाटले. आम्ही उभे राहिलो आणि विचारले, “मंग दिवसा कामून दिसत न्हाईत, गुर्जी?”

सगळा वर्ग खो-खो हसला. गुरुजीही हसले आणि म्हणाले, “कामून नाही रे, का म्हण. आधी शुद्ध बोलायला शीक, मग प्रश्न विचार.”

गुरुजी मनाने वाईट नव्हते. त्यांना वाटले, आपण पोराची भाषा सुधारतो आहोत. पण आमच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, दुरुस्ती मिळाली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे आम्ही वर्गात तोंड उघडले नाही. गुरुजी वहीवर ‘शांत मुलगा’ असा शेरा देत आणि घरी माय खुश होई. दिवसा सूर्याच्या उजेडाने सगळे आभाळच इतके उजळते, की चांदण्यांचा बारीक उजेड त्यात लोपून जातो, हे उत्तर आम्हाला वयाच्या तिसाव्या वर्षी एका जुन्या पुस्तकात सापडले. तिसरीतल्या प्रश्नाला बावीस वर्षे लागली.

‘कामून’ हा चुकीचा शब्द आहे काय? पुण्याकडे ‘का’ म्हणतात, वऱ्हाडात ‘काहून’ म्हणतात, आपल्याकडे ‘कामून’ म्हणतात. ‘माझं-तुझं’ला आपली म्हातारी माणसे ‘मपलं-तुपलं’ म्हणतात. ही काही बिघडलेली मराठी नव्हे, ही आपल्या मातीतली मराठी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा सगळीकडे पेढे वाटले गेले. आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्या अभिजात मराठीत आमचा ‘कामून’ बसतो की नाही, हे आम्हाला विचारावेसे वाटते.

लेकरू भाषा कसे शिकते?

घरात दोन-तीन वर्षांचे लेकरू असेल तर त्याच्याजवळ बसून नीट ऐका. सहा-सात महिन्यांचे असताना ते नुसते ‘बाबाबा, दादादा’ करते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दीड-दोन वर्षांत दोन शब्द जोडते, ‘माय पानी’, ‘बाबा गेला’. आणि मग एक मोठी गंमत होते. ते म्हणते, “म्या करलं.” आपण हसतो आणि सांगतो, “करलं नाही बाळा, केलं.”

जरा विचार करा. ‘करलं’ हा शब्द त्याला कुणी शिकवला? घरात कुणी म्हणत नाही, शेजारी कुणी म्हणत नाही. म्हणजे त्याने तो ऐकून उचलला नाही. ‘बसलं, पळलं, पडलं’ ऐकून त्याने आपल्या मनाशी एक नियम काढला आणि तो ‘कर’ला लावून पाहिला. आपण ज्याला चूक म्हणतो ती त्या लेकराच्या बुद्धीची पावती आहे. भाषा म्हणजे पोपटपंची असती तर अशी चूक झालीच नसती. अभ्यासकांनी जगभरच्या भाषांमध्ये लेकरांच्या अशा चुका गोळा केल्या आहेत. राजाचे लेकरू असो की ऊसतोड्याचे, नियम शोधण्याची ही बुद्धी सगळ्यांना मिळालेली आहे. तिला जात नाही.

रशियात लेव वायगॉट्स्की नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेला. जन्म १८९६ चा. तो ज्यू घरातला. त्या काळच्या झारशाहीत ज्यू पोरांना विद्यापीठात मोजक्याच जागा असत, म्हणजे दार बंद असण्याची वेदना त्याला ठाऊक होती. १९३४ साली क्षयाने तो गेला, तेव्हा वय अवघे सदतीस. त्याच वर्षी विचार आणि भाषा यांच्या संबंधावरचा त्याचा ग्रंथ छापून आला. तिकडच्या राजवटीने पुढे वीसेक वर्षे त्याचे लिखाण दाबून ठेवले, आज मात्र जगभर शिक्षकांना ते शिकवले जाते.

त्याचे म्हणणे आम्हाला समजले ते असे. लहान लेकरू खेळताना एकटेच मोठ्याने बोलते. “आता हे हितं ठिवू, हे पडंल, मंग दुसरं घिऊ.” आपल्याला ते येडेपण वाटते. पण ते बोलणे म्हणजे त्याचा विचार आहे. जिथे अडचण येते तिथे ते जास्त बोलते. आधी माणसांशी बोलायला शिकलेली भाषा लेकरू मग स्वतःशी बोलायला वापरते. वय वाढते तसा तो आवाज हळूहळू आत जातो आणि मनातल्या मनात चालू राहतो. त्यालाच आपण विचार करणे म्हणतो.

हे वाचले तेव्हा आम्हाला गिरणीतले आमचे जुने जॉबर आठवले. रिंग फ्रेमवर एकाच बाजूला धागा सारखा तुटायला लागला, की ते साच्यापुढे उभे राहून स्वतःशीच मोठ्याने बोलत. “हितंच तुटतोय, पल्याड न्हाई. म्हंजी हवेतली ओल कमी आसंल तर दोन्हीकडं तुटाया पायजे. मंग ट्रॅव्हलर झिजला का? न्हाई, तो परवा बदललाय.” असे एकेक कारण खोडत ते बरोबर जागेवर बोट ठेवत. नवी पोरे त्यांना हसत. पण पन्नाशीतला तो माणूस अडचण आली की पुन्हा लेकरासारखा मोठ्याने विचार करत होता, आणि तो विचार त्यांच्या आईच्या बोलीत चालला होता. त्या वेळी त्यांना कुणी म्हटले असते, ‘आधी शुद्ध बोला’, तर धागा तुटतच राहिला असता.

म्हणून लेकराच्या बोलीला हसणे म्हणजे नुसते उच्चाराला हसणे नव्हे. ज्या भाषेत त्याचा विचार चालतो तिचीच त्याला लाज वाटायला लावणे आहे. लाज वाटली की लेकरू आधी बोलायचे थांबते, आणि मग विचारायचे थांबते.

ज्ञानाची भाषा कुणाची?

हा प्रश्न आजचा नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भगवान बुद्धांकडे गेले. त्यांची तक्रार अशी, की नाना कुळांतून, नाना ठिकाणांहून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवतात, तर ते आपण वेदांच्या छंदोबद्ध भाषेत घालू या. भगवंतांनी त्यांना फटकारले आणि लोकांच्या आपल्या भाषेतच वचन शिकावे अशी मुभा दिली. अडीच हजार वर्षांपूर्वी ‘शुद्ध भाषेत आणा’ असे म्हणणारे होते, आणि ‘लोकांना कळेल असे बोला’ असे सांगणारे बुद्धही होते.

आपल्या अंबाजोगाईचा तर या बाबतीत मोठा मान. मराठीतले आद्यकवी म्हणून ज्यांना मानतात त्या मुकुंदराजांची समाधी इथेच आहे, अशी इथली परंपरा आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० म्हणजे इ.स. ११८८ चा मानतात. तत्त्वज्ञान संस्कृतातच सांगायचे, असा तो काळ. ते मराठीत आले. पुढे तेराव्या शतकात महानुभावांनी हे काम नेटाने केले. त्यांच्या एका पंडित शिष्याला संस्कृतात ग्रंथरचना करायची होती, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवले, कारण त्याने आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील. सोळाव्या-सतराव्या शतकात याच अंबाजोगाईत दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर, ज्याला पासोडी म्हणतात, मराठीत पंचीकरण लिहिले. आम्ही सुताच्या धंद्यातले, म्हणून त्या पासोडीचे आम्हाला फार कौतुक. पण मनात येते, त्या कापडाचे सूत कातणाऱ्या आणि ते विणणाऱ्या हातांपैकी किती हातांना त्यावरचे एक अक्षर लागले असेल? आपल्या पूर्वजांना तर अक्षराच्या जवळ फिरकू दिले नव्हते. भाषा घरची झाली, पण दार मात्र बंदच राहिले.

मग निजामाचे राज्य. अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद. दरबारी कारभार आधी फारसीत चाले, १८८० च्या दशकात तिथे उर्दू आली. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तिथेही शिकवण्याची भाषा उर्दू. आपल्या देशी भाषेत उच्च शिक्षण देता येते हे त्या विद्यापीठाने दाखवले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. उर्दूवर आमचा राग नाही, शेजारच्या मुस्लिम बांधवांच्या घरातली ती गोड भाषा आहे. पण बीड-मोमिनाबादच्या मराठी पोराला वर चढायचे तर आधी परक्या भाषेची शिडी चढावी लागे. आणि त्यातही आपले पोर शाळेच्या ओट्यापर्यंत पोचले तर.

आमच्या आज्ज्याच्या हातचा एक कागद घरात होता. उर्दूत लिहिलेला, खाली आज्ज्याचा अंगठा. कागदात काय लिहिले आहे ते आज्ज्याला कळले नव्हते. “वाचून दावा” म्हटले तर वाचणारा म्हणाला, तुझ्या फायद्याचेच आहे. पुढे कळले की जमिनीचा एक तुकडा त्या कागदाने गेला. आज्जा शेवटपर्यंत म्हणायचा, “मला आकल नव्हती.” अक्कल होती हो! रान नुसते पाहून पीक किती येईल ते सांगणारा माणूस तो. कागदाची भाषा त्याची नव्हती, एवढेच. पण ज्याला भाषा नाही त्याला अक्कलच नाही, असे त्याच्याही मनावर ठसवले गेले होते. गुलामीची सगळ्यात खोल जखम ती हीच.

मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय तेव्हा फारच तोकडी होती. अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याचे नाव ‘मिलिंद’ झाले आणि परिसराला ‘नागसेनवन’ म्हणतात. या नावांचा अर्थ आपण लेकरांना सांगतो का?

मिलिंद हा ग्रीक राजा. मोठा वादविवाद करणारा, भल्याभल्या पंडितांना प्रश्न विचारून गप्प करणारा. त्याला भदंत नागसेन भेटले. राजाने प्रश्न विचारायचे आणि भदंतांनी उत्तरे द्यायची, असा तो सगळा ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथ. नागसेन राजाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? दांडा म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? एकेक भाग सुटा करून पाहायचा आणि मग सगळ्याचा विचार करायचा. कठीण प्रश्न सोडवण्याची ही रीतच आहे. आमचे जॉबर साच्यापुढे उभे राहून जे करत ते याहून फार वेगळे नव्हते.

बाबासाहेबांनी महाविद्यालयाला उत्तर देणाऱ्याचे नाव दिले नाही, प्रश्न विचारणाऱ्याचे दिले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘गप बस’ एवढेच ऐकवले गेले, त्यांच्या पोरांना त्यांनी त्या नावाखाली बसवले. बीड जिल्ह्यातली पोरे पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन तिथे गेली, वसतिगृहात राहिली, शिकली. याच नागसेनवनाच्या वातावरणात डॉ. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक-लेखक घडले, ‘अस्मितादर्श’ निघाले, आणि वस्तीतली भाषा पुस्तकात छापली जाऊ लागली. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, तेव्हा ज्या बोलीला गावकुसाबाहेरची म्हणून हिणवले होते ती सगळ्या महाराष्ट्राला वाचावी लागली. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला आपले पहिले पाक्षिक काढले, त्याचे नावही आठवा : ‘मूकनायक’. ज्यांची वाचा गेली त्यांचा नायक.

माजलगावच्या जात्यावरची विद्या

आता आपल्या जिल्ह्यातली अशी एक गोष्ट, जी आपल्याच घरात पुष्कळांना माहीत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. १९९६ साली त्यांचा गट माजलगावच्या भीमनगरात आला. तिथल्या आपल्या माय-माउल्यांनी बाबासाहेबांवर, रमाईवर, बुद्ध-धम्म-संघावर ओव्या गायल्या आणि त्यांनी त्या ध्वनिमुद्रित केल्या. पुढे ‘परी’ या संस्थेने ते आवाज सगळ्यांसाठी खुले केले.

त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. रोजंदारीवर राबणाऱ्या बाया. पण ओवी म्हणजे काय काम आहे ते पाहा. हाताने दळण चालू, दुसऱ्या हाताने जात्यात घास टाकायचा, आणि त्याच लयीत शब्द बसवायचे, यमक जुळवायचे, एकीने ओळ टाकली की दुसरीने ती पुढे न्यायची. शेकडो ओव्या डोक्यात, एकही कागदावर नाही. वायगॉट्स्की सांगतो तो मनातला आवाज इथे पुन्हा बाहेर येऊन गाणे झालेला आहे. सासर-माहेर, भूक, जात, बाबासाहेब, या सगळ्यांचा विचार आपल्या बायांनी जात्यावर बसून केला. धर्मांतराचा अर्थ काही सगळ्यांना भाषणांतूनच कळला नाही. पुष्कळ घरांत तो ओवीतून कळला.

आणि याच बायांना विचारा, “आजी, तुम्हाला काय येतं?” त्या म्हणतील, “मला कुठं काय येतं बाबा, मी अंगठाछाप.” आमच्या आज्ज्यासारखेच!

कोयत्यावरची लेकरे

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्यांच्यामागे गाडीत लेकरे. पाच-सहा महिने कारखान्याच्या आसपास कोपीत राहायचे. परत येईपर्यंत शाळेचे वर्ष सरत आलेले असते.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक पाचवीतली पोरगी आमच्या विहारातल्या रविवारच्या वर्गाला आली. गणितात कच्ची, असे तिच्या मायने सांगितले. आम्ही सहज विचारले, “बाय, तुझ्या बापाची गाडी दोन टन चारशे किलो भरली. टनाला साडेतीनशे धरू. पैसे किती?”

पोरीने डोळे वर केले आणि पुटपुटली, “दोन टनाचे सातशे. शंभर किलोचे पस्तीस, चारदा धरले की एकशेचाळीस. आठशे चाळीस, आबा.” कागद नाही, पेन्सिल नाही.

मग आम्ही फळ्यावर लिहिले : २.४ × ३५० = ? आणि पोरगी गप्प! खाली मान घालून ओढणीचे टोक चावत बसली. “हे मला येत न्हाई,” म्हणाली.

तेच गणित. पण एक तिच्या भाषेत होते, दुसरे शाळेच्या.

ब्राझील देशात रेसिफे नावाचे शहर आहे. तिथे रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या गरीब पोरांचा अभ्यास १९८५ साली छापून आला. गिऱ्हाईक बनून गेलेल्या अभ्यासकांनी गाड्यावर हिशेब विचारले, तेव्हा पोरांची शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर. त्याच प्रकारची गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा बरोबर आली शंभरात सदतीसच. पोरे नऊ ते पंधरा वर्षांची, संख्येने पाचच होती. पण आमच्या त्या पोरीची कथा त्यांनी सातासमुद्रापार लिहून ठेवली आहे, असे आम्हाला वाटले.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आपल्यासारखीच वस्ती, काळ्या लोकांची. त्यांच्या पोरांना भाषाच धड येत नाही, म्हणून ती शाळेत मागे पडतात, असे तिथले मोठे मोठे पंडित म्हणत. विल्यम लॅबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली त्याला उत्तर दिले. आठ वर्षांचे एक पोर तपासणीत जेमतेम ‘हो-नाही’ एवढेच बोलत होते. मग पुढच्या वेळी तपासणारा माणूस बटाट्याच्या चकत्यांचे पाकीट घेऊन आला, पोराच्या जिवलग मित्राला बरोबर आणले आणि खाली फरशीवर बसून त्यांच्याच बोलीत गप्पा मारू लागला. तेच मुके पोर मित्राचे बोलणे तोडून बोलायला लागले! पोराच्या जिभेत खोट नव्हती, परीक्षेच्या खोलीत होती. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांचे दुखणे आणि आपले दुखणे किती सारखे आहे ते यावरून कळते.

पण म्हणून शाळेची भाषा नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. वायगॉट्स्कीचा साथीदार लुरिया १९३१-३२ साली उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेला होता. न शिकलेल्या शेतकऱ्यांना त्याने चार वस्तू दाखवल्या, हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यातली वेगळी कोणती? शिकलेला म्हणेल, ओंडका, कारण बाकीची हत्यारे आहेत. शेतकरी म्हणाले, एकही काढू नका, लाकूडच नसेल तर हत्यारे कशाला? आमच्या बापानेही हेच उत्तर दिले असते, आणि रानातल्या कामापुरते ते चूक नाही. पण वस्तू डोळ्यापुढे नसताना, नुसत्या शब्दांवर आणि आकड्यांवर विचार करायची जी सवय आहे ती शाळेतून येते. कायदा वाचायला ती लागते, पगाराची पट्टी तपासायला लागते, मुकादमाची वही तपासायला लागते. आज्ज्याचा कागद वाचायला तीच लागणार होती. म्हणून शाळा पाहिजेच. फक्त तिचे दार घरच्या बोलीच्या अंगाला उघडले पाहिजे.

आम्ही काय केले? फळ्यावर त्या पोरीचेच बोलणे जसेच्या तसे लिहिले. ‘दोन टनाचे सातशे.’ त्याच्या खाली २ × ३५० = ७००. ‘चारशे किलोचे एकशेचाळीस.’ त्याच्या खाली ०.४ × ३५० = १४०. मग बेरीज. पोरगी बराच वेळ बघत राहिली आणि जरा रागानेच म्हणाली, “हे आसं व्हय! मंग आधी आसं कामून न्हाई सांगितलं?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. पण तिच्या ‘कामून’ला त्या दिवशी वर्गातले कुणी हसले नाही.

आपल्या महाराष्ट्रात लेकरांच्या मागे शाळा नेण्याची परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी लेकरांसाठी अंगणवाडी काढली, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच कुरणशाळा भरवली. ऊसतोडीच्या लेकरांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, गावात मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे झाली, २०२१ मध्ये सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा तर सांगतो, की शक्य तिथवर मातृभाषेत शिकवा आणि लेकराला भीतीतून मुक्त ठेवा. कागद चांगले आहेत. आता आपल्याला कागद वाचता येतो, तेव्हा त्यात लिहिलेले मागून घेणे आपल्याकडे आहे.

आपण काय करायचे?

हल्ली आपल्या वस्तीतले माय-बाप पोटाला चिमटा घेऊन लेकरांना इंग्रजी शाळेत घालतात. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. बाबासाहेबांनी जगाशी भांडायला इंग्रजी वापरली आणि आपल्या माणसांशी बोलायला मराठी. दोन्ही पाहिजेत. पण घरी लेकरू मपलं-तुपलं म्हणाले की “तसं बोलू नको, लोक काय म्हणतील” असे आपणच म्हणतो, ते मात्र बंद करा. तिसरीत आम्हाला गुरुजी हसले होते. आता तेच काम आपण घरी करतो आहोत. घरच्या भाषेत ज्याला खोल विचार करता येतो त्याला दुसरी भाषा लवकर उमगते. घरची तोडली आणि बाहेरची आली नाही, तर लेकरू दोन्हीकडून मुके होते.

वर्धापनदिनाच्या निमित्ताने आमच्या तीन मागण्या आहेत, आणि त्या आपल्या स्वतःकडेच आहेत.

एक, घरात लेकराने काही विचारले तर ‘गप बस’ म्हणायचे नाही. उत्तर येत नसेल तर ‘मला येत न्हाई, आपण मिळून बघू’ म्हणायचे. यात कमीपणा नाही. लेकरू आज ज्याची मदत घेऊन करते तेच उद्या एकटे करते, हेही त्या वायगॉट्स्कीचेच सांगणे.

दोन, दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास प्रश्नांचा ठेवायचा. लेकरांनी आपल्या बोलीत काहीही विचारावे. हसणाऱ्याला बाहेर बसवावे, मग तो कितीही मोठा असो. कालामांना भगवंतांनी हेच सांगितले होते, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. पारखायचे तर आधी विचारावे लागते.

तीन, आपल्या वस्तीतल्या आज्या-मावश्यांच्या ओव्या आणि बोलीतले शब्द शिकलेल्या पोरींनी वहीत उतरून घ्यावेत. त्या वह्या विहाराच्या कपाटात ग्रंथांशेजारी ठेवाव्यात. आमच्या आज्ज्याचा एक कागद आमच्या लक्षात राहिला, कारण तो आपल्याला वाचता येत नव्हता. आपल्या नातवांना आपले वाचता येईल असे काहीतरी मागे राहू द्या.

पुढच्या वर्धापनदिनी विहारात लेकरांचा गलका झाला आणि “कामून? कामून?” करून त्यांनी आम्हा म्हाताऱ्यांना भंडावून सोडले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

जय भीम! नमो बुद्धाय!